जाळीखाली क्रोटनचा रंग का गेला?

प्रश्न : परभणीत गच्चीवर ७५ टक्क्यांची हिरवी जाळी लावली. क्रोटन (रंगीत पानांचं शोभेचं झाड) भराभर उंच झाला, पण पानांचा लाल-पिवळा रंग जाऊन नुसता हिरवा पडलाय. खत कमी पडतंय का?

उत्तर : ताई, खताचा दोष नाही, उजेड कमी पडतोय. ७५ टक्क्यांची जाळी चार भागांतला एकच भाग ऊन खाली सोडते. मग झाड मिळेल तो उजेड टिपायला हरितद्रव्य वाढवतं, आणि त्यात रंग बुडतात. शेंडा हातात धरून बघा : दोन पानांमधलं अंतर वाढलेलं, पान पातळ, देठ लुळा. ही वाढ नव्हे, उजेडासाठीची ओढ आहे.

क्रोटनला ५० टक्क्यांची जाळी द्या. पण एकदम उघड्यावर आणू नका! सावलीतलं पान आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन दोन दिवसही सोसत नाही, कडा करपतात. आधी आठवडाभर फक्त सकाळचं ऊन दाखवा. जुनी पानं रंगतीलच असं नाही, नव्या पालवीवर लक्ष ठेवा.

कॅलेथिया (नक्षीदार पानांचं, सावलीत वाढणारं शोभेचं झाड) असेल तर ती मात्र ७५ टक्क्यांच्याच जाळीखाली राहू द्या. मी एकदा हौसेनं ती बाहेर काढली होती, दुपारपर्यंत पानं सुरळीसारखी गुंडाळली. अजून हळहळ वाटते.