‘हिला उगाच वाचवलं’ : एका वाचक मुलीच्या वहीबद्दल

“माझी मुलगी सारखी त्या यंग अडल्ट, म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठीच्या, कादंबऱ्या वाचत असते. मरण, नैराश्य, स्वतःला इजा करून घेणं, प्रेमभंग, असलंच सगळं असतं त्यात. तिच्या मनावर काही परिणाम तर होणार नाही ना?” हा प्रश्न इतक्या पालकांनी मला विचारला आहे की त्यावर एकदा सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. नुसतं हो किंवा नाही म्हणून भागण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून एका मुलीबद्दल सांगते. तिची आणि तिच्या वडिलांची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील समुपदेशनासाठी माझ्याकडे पहिल्यांदा एकटेच आले आणि नीट बसायच्या आतच त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मुलगी पंधरा वर्षांची. नवीन आलेली कादंबरी मिळाली की वाचून काढायची आणि तिच्याबद्दल वहीत लिहायची, हा तिचा नेम. ती शाळेत गेलेली असताना त्यांनी त्या वहीच्या पानांचे फोटो काढले होते. “मॅडम, हे एकच वाक्य वाचा. हे वाचल्यापासून मला झोप नाही.”

मी फोन हातात घेतला नाही. वही तिची आहे, तिने दाखवली तर बघेन, असं सांगितलं. पण वाक्य तुमच्या मनात रुतलंय, तर ते तुमच्या तोंडून ऐकते, म्हटलं. त्यांना ते पाठच झालं होतं. “ही मरायला हवी होती. हिला उगाच वाचवलं.”

त्या दिवशी घाबरून त्यांनी घरातल्या सगळ्या कादंबऱ्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या होत्या. मुलीने भांडण केलं नाही, रडली नाही. फक्त बोलणं बंद केलं. मी विचारलं, “त्या वाक्याबद्दल तुम्ही तिला काही विचारलंत?” ते म्हणाले, “कसं विचारू? विचारलं आणि तेच तिच्या डोक्यात बसलं तर?”

ही भीती फार सार्वत्रिक आहे आणि तिच्यामुळे फार नुकसान होतं. “तुला जीव द्यावासा वाटतो का?” असं सरळ विचारल्याने तो विचार मुलांच्या मनात रुजत नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उलट विचारल्यावर बऱ्याच मुलांना हायसं वाटतं. शांतपणे, डोळ्यांत बघून, आवाज न चढवता विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. मध्येच “वेडी आहेस का, असं काही मनातसुद्धा आणू नकोस” म्हटलं की मूल “नाही” म्हणून मोकळं होतं, आणि तुम्हाला काहीच कळत नाही.

मुलगी आली तेव्हा मी तेच आधी विचारलं. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली होती: तू सांगशील ते माझ्याकडेच राहील, पण तुझ्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर ते घरी सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी तुला कल्पना देईन. तिने विचार करून उत्तर दिलं. “मरावंसं नाही वाटत. आठवडाभर गायब व्हावंसं वाटतं. कुणी शोधायला येतं का बघायला.” मी आणखी खोदून विचारलं. तसं काही ठरवलं आहेस का, कधी स्वतःला इजा केली आहेस का, झोप कशी आहे, जेवण कसं आहे. धोक्याचं काही नव्हतं. पण ‘कुणी शोधायला येतं का’ हे शब्द मी मनात टिपून ठेवले.

मग पुस्तकांकडे वळलो. ‘तुझ्या बाबांनी वही वाचली’ हे तिला माहीत होतं आणि त्याचा तिला राग होता. तो योग्यच होता, असं मी तिला सांगितलं. पुढच्या वेळी ती स्वतःहून वही घेऊन आली.

ती वही मी अजून विसरलेले नाही. प्रत्येक कादंबरीला एक पान. वर नाव, त्याखाली एकच प्रश्न, ‘विश्वास बसला का?’, आणि मग मत. तारे नाहीत, गुण नाहीत. पॅनिक अटॅक येणाऱ्या एका नायिकेबद्दल तिने लिहिलं होतं, “मुलगा भेटला आणि हिची औषधं सुटली. विश्वास बसला नाही. लेखकाला औषधांचा राग आहे का?” दुसऱ्या एका पानावर होतं, “या पुस्तकांतले आईबाबा एक तर मेलेले असतात, नाहीतर मूर्ख असतात. चुकणारे पण घरी असणारे बाबा मला एकदा तरी वाचायचेत.” मार्च २०२५ मध्ये आलेल्या सुझान कॉलिन्स यांच्या ‘सनराइज ऑन द रीपिंग’वर तर दोन पानं भरली होती. ही ‘हंगर गेम्स’ मालिकेतल्या हेमिचच्या तरुणपणाची गोष्ट. तो ते जीवघेणे खेळ जिंकणार हे मालिकेच्या पहिल्या पुस्तकापासून माहीत असूनही पुढे काय होतंय म्हणून जीव का टांगणीला लागतो, हे ती शोधत होती. तिचं उत्तर असं: “आधी तो नुसता दारुडा वाटायचा. आता कळलं, तो काय विसरायला पितो. जिंकलेल्या माणसाचं काय काय जातं ते यात आहे.”

पंधरा वर्षांच्या मुलीची ही समज बघून मला मनापासून आनंद झाला. ही मुलगी पुस्तकात वाहून जात नव्हती. लेखक आपल्याला कुठे फसवतोय, हे ती ओळखत होती. जे मूल वाचून वाद घालतं, त्याच्या मनाचा ताबा पुस्तकाने घेतलेला नसतो. गंभीर विषयाच्या कादंबऱ्या वाचणाऱ्या मुलांच्या बाबतीत मी सगळ्यात आधी हेच बघते, आणि पालकांनीही हेच बघावं असं माझं ठाम मत आहे.

आता ते वाक्य. ती कादंबरी आयुष्य संपवायला निघालेल्या एका मुलीची होती. शेवटच्या दोन पानांत तिची जुनी मैत्रीण दारात येऊन उभी राहते, दोघी रडतात, संपलं. आमच्या वाचक मुलीचं म्हणणं होतं की एवढं तीनशे पानांचं दुःख एका मिठीत मिटवणं हा खोटेपणा आहे. असा खोटा शेवट करण्यापेक्षा नायिका मेलेली परवडली असती, निदान लेखिका खरं तरी बोलली असती. म्हणजे मरणाची ओढ म्हणून बाबांनी जे वाचलं, ती एका वाचकाची तक्रार होती.

पण मी तिथेच थांबले नाही. बाकीच्या पानांवर तिचं अक्षर सारखं होतं, या पानावर पेन इतकं दाबलं होतं की मागच्या बाजूला उठलं होतं. एका वाईट शेवटाचा एवढा राग? मी विचारलं, “तुला कशाचा जास्त राग आला, नायिका वाचली याचा की मैत्रीण आली याचा?” बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “खऱ्या मैत्रिणी येत नाहीत.”

तिची लहानपणापासूनची मैत्रीण काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या मुलींच्या घोळक्यात गेली होती. भांडण नाही, कारण नाही. मेसेजना उत्तर देणं आधी उशिरा होऊ लागलं, मग बंदच झालं. घरी हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही ‘घडलं’च नव्हतं. या वयात मैत्रीण अशी हळूहळू दूर जाणं हे दुःख मोठं असतं, आणि मोठ्यांना ते दिसत नाही म्हणून ते आणखी मोठं होतं. ते दुःख ती मला थेट सांगू शकली नसती. पुस्तकातल्या मैत्रिणीवर मात्र मनसोक्त रागावू शकत होती.

म्हणून पालकांना मी सांगते, पुस्तकात काय आहे एवढंच बघू नका. मूल त्याबद्दल काय बोलतं ते ऐका, आणि एखादं मत गरजेपेक्षा जास्त तापलेलं वाटलं तर तिथे थांबा. “यातून काय शिकलीस?” हा प्रश्न टाळा, त्याने मूल शाळेतल्यासारखं उत्तर देतं. “कुणाचा राग आला? तू असतीस तर काय केलं असतंस? शेवट पटला का?” असं विचारा.

आता परिणामांबद्दल, कारण ती शंका खोटी नाही. किशोरवयीन मुलीच्या आत्महत्येवरच्या एका २००७ सालच्या कादंबरीवर २०१७ मध्ये मालिका आली. ती प्रदर्शित झाली त्याच्या पुढच्या महिन्यात अमेरिकेत १० ते १७ वयोगटातल्या आत्महत्यांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जवळपास २९ टक्क्यांनी जास्त होतं, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पुढे त्याच आकड्यांचं नव्याने विश्लेषण करून या निष्कर्षाला आव्हानही दिलं गेलं, त्यामुळे मालिकेमुळेच हे झालं असं छातीठोकपणे कुणी म्हणू शकत नाही. तरी निर्मात्यांनी २०१९ मध्ये आत्महत्येचं ते तपशीलवार दृश्य काढून टाकलं, आणि ते बरं केलं. या विषयाची दुसरी बाजू पालकांपर्यंत सहसा पोचत नाही. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २०१० मध्ये वर्तमानपत्रांतल्या बातम्या तपासल्या. जीव द्यायच्या विचारापर्यंत आलेला माणूस त्यातून सावरला, अशा बातम्यांनंतर आत्महत्या कमी झाल्याचं त्यांना आढळलं. याचा अर्थ मी असा घेते: विषय गंभीर आहे म्हणून पुस्तक घातक ठरत नाही. मरण्याची पद्धत बारकाईने सांगणारं, मरणाला सूड किंवा सुटका म्हणून सजवणारं पुस्तक अडचणीत असलेल्या मुलाच्या हाती नको. बाहेर पडण्याची वाट, मदत मागणं, उपचारांचे कंटाळवाणे दिवस, पुन्हा घसरणं आणि पुन्हा उठणं दाखवणारं पुस्तक त्याच मुलाला आधार देऊ शकतं.

वयाचंही थोडं सांगते. ग्रंथालयांच्या जगात यंग अडल्ट म्हणजे साधारण १२ ते १८ वर्षांचे वाचक. पण अमेरिकेतल्या २०१२ सालच्या एका पाहणीत ही पुस्तकं विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक १८ वर्षांचे किंवा त्याहून मोठे निघाले. साहजिकच याच शिक्क्याखाली मोठ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलंही पुष्कळ येतं. बारा वर्षांच्या मुलासाठी पुस्तक घेताना नुसत्या शिक्क्यावर विसंबू नका. हल्ली पुष्कळ नव्या कादंबऱ्यांत सुरुवातीलाच आत काय विषय आहेत याची सूचना असते, ती वाचा, मुलालाही वाचायला शिकवा. आणि नको वाटलं तर पुस्तक अर्धवट सोडायची मोकळीक मुलांना द्या. ही मोकळीक फार थोड्या घरांत असते.

वडिलांना मी कपाट उघडायला सांगितलं. वही परवानगीशिवाय पाहिल्याबद्दल मुलीची माफी मागायलाही सांगितलं. ती त्यांनी मागितली, सबबी न सांगता. मग तिने निवडलेली एक कादंबरी त्यांनी वाचायची, असं ठरलं. तिने तीच निवडली, खोट्या शेवटाची. वाचून झाल्यावर दोघांचं माझ्यासमोर कडाक्याचं वाजलं. ते म्हणाले, शेवट चांगला आहे. ती म्हणाली, शेवट पळपुटा आहे. शेवटी ते म्हणाले, “तू म्हणतेस ते पटतं गं. पण मला ती जिवंतच हवी होती. तिच्यासाठी दारात कुणी आलं नसतं, तर मी गेलो असतो.” मुलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मैत्रिणीबद्दल घरच्या माणसाला सांगितलं.

त्यानंतरचं काम साधं पण वेळ खाणारं होतं. एकदा मैत्रिणीला स्पष्ट विचारायचं, असं मुलीने ठरवलं. मेसेज काय लिहायचा यावर आम्ही बराच वेळ घालवला. उत्तर आलं, गोड होतं, पण मैत्री पूर्वीसारखी झाली नाही. ते दुःख तिने बाबांच्या सोबतीने पचवलं. वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीशी पुस्तकांची देवाणघेवाण सुरू झाली, तिथून शाळेत डबा खायला सोबत मिळाली.

सगळ्याच मुलांच्या बाबतीत हे इतक्यावर निभावत नाही. मूल एकाच पुस्तकातला मरणाचा एकच भाग पुन्हा पुन्हा वाचत असेल, मतं देणं थांबवून फक्त “तिचं बरोबरच होतं” म्हणत असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, झोप, भूक, मित्र, खेळ यांतलं बरंच काही एकदम सुटलं असेल, आपण सगळ्यांना ओझं झालोय असं बोलत असेल, तर पुस्तकावर चर्चा करत बसू नका. सरळ विचारा, त्याला एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. पुस्तक काढून घेणं हा त्यावरचा उपाय नाही.

ती कादंबरी पुढे मीही वाचली. शेवटाबाबत मी मुलीच्या बाजूने आहे. मैत्रीण दारात येते तिथे पुस्तक संपतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नायिका कशी उठली, कुणाला काय सांगितलं, मदत मागायला कुठे गेली, यावर एक ओळही नाही. अशा मुलींना वाचायला नेमकी तीच पानं हवी असतात, आणि लेखिकेने ती लिहायला हवी होती.