चारही चाकांना ताकद, पण पकड टायरचीच

वाचकांचे प्रश्न : मोटार आणि रस्ता

प्रश्न : आम्ही पुण्यात राहतो. आई-वडील श्रीवर्धनजवळच्या गावी असल्यामुळे महिन्यातून दोनदा ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे जावे लागते. वेगवान गाडीची हौस तरुणपणापासून होती आणि आता ती भागवता येईल अशी परिस्थिती आहे. नवी बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्ह आणि कमी चाललेली मर्सिडीज-एएमजी ए४५ एस, अशा दोन गाड्यांवर मन बसले आहे. दोन्ही ऑल व्हील ड्राइव्ह असल्याने पावसाळ्यात काळजीचे कारण राहणार नाही, असे विक्रेत्यांनी सांगितले. आपले मत काय? — एक वाचक, पुणे

उत्तर : विक्रेत्यांच्या त्या एका वाक्यापासून सुरुवात करतो, कारण गाडी कोणती घ्यावी यापेक्षा ते अधिक महत्त्वाचे आहे. इंजिनाची ताकद दोनऐवजी चार चाकांत वाटली गेली की ओल्या रस्त्यावर गाडी जागेवरून उचलताना चाक नुसते गरगरत नाही आणि वळणातून बाहेर पडताना गाडी रेटून पुढे जाते, हे अगदी खरे आहे. मात्र ब्रेक प्रत्येक मोटारीला चारही चाकांवर असतात. साध्या हॅचबॅकलाही असतात. त्यामुळे थांबण्याच्या बाबतीत ऑल व्हील ड्राइव्ह आपल्याला काहीही जादा देत नाही. उलट त्या यंत्रणेचे वजन गाडीवर चढते, आणि ओल्या रस्त्यावरही गाडी सहज वेग घेत असल्यामुळे रस्ता किती निसरडा आहे याची जी सूचना घसरणाऱ्या चाकाकडून मिळाली असती, तीच चालकाला मिळत नाही. ताशी ६० किलोमीटरवरून थांबायला जेवढे ब्रेकिंगचे अंतर लागते, त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट अंतर ८० वरून लागते. हा हिशेब कोणत्याही बॅजची गाडी बदलू शकत नाही.

ताम्हिणीत आषाढ-श्रावणात जो पाऊस कोसळतो, त्यात दुसरा धोका पाण्यावर तरंगण्याचा असतो. रस्त्यावर साचलेले पाणी टायरच्या खाचांतून बाहेर फेकले गेले नाही, की टायर रस्ता सोडून पाण्याच्या थरावर चढतो. यासाठी विमानाच्या चाकांवरील प्रयोगांतून निघालेले एक जुने सूत्र आहे : टायरमधील हवेचा पीएसआयमधला दाब घ्यावा, त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ९ ने गुणावे, म्हणजे तरंगण्याचा वेग नॉटमध्ये मिळतो (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). खाचा झिजलेल्या टायरमध्ये ३६ पीएसआय हवा असेल तर हा वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर निघतो, आणि हवा २५ पर्यंत उतरलेली असेल तर सुमारे ८३. ताकद किती चाकांना जाते, हा आकडा त्या सूत्रात कुठेच नाही. म्हणून गाडीच्या किमतीत चार उत्तम टायरची रक्कम पहिल्या दिवसापासून धरावी आणि कायद्यातील १.६ मिलिमीटरच्या मर्यादेची वाट न पाहता, पावसाळ्याच्या तोंडावर खाच ३ मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर टायर बदलावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आता निवडीविषयी. एम३४०आयमध्ये ३ लिटरचे, एका ओळीतील सहा सिलिंडरचे टर्बो इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने उभे बसवलेले आहे, टॉर्क म्हणजे चाके फिरवण्याचा जोर ५०० न्यूटन मीटर आहे आणि ताकद मुख्यतः मागच्या चाकांना देऊन गरजेप्रमाणे क्लचद्वारे, म्हणजे ताकद जोडणाऱ्या-सोडणाऱ्या चकत्यांद्वारे, पुढे पाठवली जाते. ए४५ एसमध्ये २ लिटरच्या चार सिलिंडरांतून ४२१ अश्वशक्ती काढलेली आहे. तिचे इंजिन आडवे आहे, गाडी मूळची पुढच्या चाकांना ताकद देणारी आहे आणि मागच्या आसावरील दोन क्लच डाव्या-उजव्या चाकांना स्वतंत्रपणे टॉर्क देतात. दुसरी गाडी आकाराने लहान, अधिक चपळ आणि स्वभावाने तापट आहे. पहिली मऊ, लांबच्या प्रवासाला समजूतदार आणि मागच्या आसनावर वडीलधाऱ्यांना बसवण्याजोगी आहे. ताशी १०० पर्यंत पोचण्यातला निम्म्या सेकंदाचा फरक आपल्याला श्रीवर्धनच्या वाटेवर कधीही उपयोगी पडणार नाही. आई-वडिलांना पुण्यास आणणे-पोचवणे हेही आपल्या प्रवासाचे कारण असल्यास मी एम३४०आय घेईन. मात्र सही करण्यापूर्वी दोन गोष्टी स्वतः पाहाव्यात : डिकीतील गालिचा उचलून स्टेपनी आहे की नुसता पंक्चरचा संच आहे ते, आणि गावाकडच्या गतिरोधकावर चार माणसे बसवून गाडीचे पोट घासते का ते. दुसरी चाचणी बहुतेक जण गाडी घरी आल्यावर करतात.

प्रश्न : रॅलीच्या शर्यतींत ऑल व्हील ड्राइव्ह गाड्या वर्षानुवर्षे जिंकत आल्या आहेत. मग घाटातील वळणांवर त्या अधिक वेगाने नेता येत नाहीत असे का सांगितले जाते? माझ्याकडे अशी गाडी आहे आणि ओल्या वळणावर तिचे नाक बाहेर जाते, असा अनुभव दोनदा आला. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण रॅलीचा दाखला दिलात, म्हणून त्याच इतिहासात उत्तर शोधू. १९८० च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडीने क्वाट्रो मांडली. १९८१ मध्ये ती जागतिक रॅली स्पर्धेत उतरली, त्याच वर्षी मिशेल मूतों यांनी इटलीतील सानरेमो रॅली तिच्यातून जिंकली, आणि १९८२ मध्ये उत्पादकांचे विजेतेपद ऑडीला मिळाले. सैल खडी, चिखल आणि बर्फ यांवर ताकद जमिनीला लावणे हीच मुख्य अडचण असते आणि क्वाट्रोने ती सोडवली. पण त्याच गाडीचा मोठा दोषही चालकांना ठाऊक होता : पाच सिलिंडरचे इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे बसवलेले असल्याने नाक जड होते, आणि वळणात शिरताना गाडी सरळ जायला पाहत असे. ते नाक आत आणण्यासाठी निष्णात चालक डाव्या पायाने ब्रेक वापरत आणि वळणाच्या आधीच गाडी आडवी टाकत. समोरून एसटी येणार नाही अशा बंद रस्त्यावर, शेजारी वळणांची टिपणे वाचणारा सहचालक असताना ते करणे शक्य असते.

आपल्या गाडीचे नाक बाहेर जाते त्याचे कारणही मुळात तेच आहे : पुढच्या टायरवर त्यांच्या पकडीपेक्षा जास्त काम पडते. टायरची एकूण पकड ठरावीक असते. तीच ब्रेक लावण्यासाठी, वळण्यासाठी आणि वेग घेण्यासाठी वाटून वापरावी लागते. वळणात असताना आपण ॲक्सिलरेटर दाबला, की पुढच्या चाकांना वळवण्याबरोबरच ओढण्याचेही काम लागते आणि वळवण्याच्या वाट्याला पकड कमी उरते. काही वर्षांपूर्वी जुलैत आंबा घाट उतरताना मला हे फार जवळून कळले. वरून वाहून आलेली तांबडी माती वळणाच्या आतल्या कडेला पातळ थराने पसरली होती. स्टिअरिंग वळवलेले होते, पण हातात ते एकदम हलके लागले, जणू ते चाकांना जोडलेलेच नाही. मी घाबरून स्टिअरिंग आणखी वळवले, आणि गाडी सरळ जाऊन गटाराच्या कठड्यापाशी थांबली. हाताला कळलेला तो हलकेपणा हीच सूचना होती आणि मी तिच्या नेमके उलट वागलो होतो.

अशा वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय सावकाश उचलावा, स्टिअरिंग आणखी न वळवता थोडे सैल करावे, आणि पुढच्या चाकांनी पकड पुन्हा घेतल्याचे हाताला जाणवले की मगच वळवावे. पाय झटक्याने काढू नये, कारण सगळा भार अचानक पुढे आल्याने मागचा भाग हलका होऊन सुटू शकतो. खरे काम मात्र वळणाच्या आधीचे आहे. ब्रेक सरळ रस्त्यावर, गाडी वळवण्यापूर्वीच पुरा करावा, वळण ॲक्सिलरेटर स्थिर ठेवून घ्यावे, आणि पुढचा रस्ता उघडा दिसल्यावर व स्टिअरिंग सरळ होऊ लागल्यावर ताकद द्यावी. ऑल व्हील ड्राइव्हची गंमत त्या शेवटच्या टप्प्यात आहे आणि तिचा आनंद ताशी ४० किलोमीटरच्या वळणावरही मिळतो. उतारावर गिअर खालचा ठेवावा, घसरणारी गाडी सावरणारे स्थिरता नियंत्रण कधीही बंद करू नये, आणि पावसात स्पोर्ट मोड टाळावा, कारण त्यात पायाच्या थोड्याशा हालचालीलाही इंजिन जोराने उसळते.

गाडीची सीमा कुठे आहे हे शिकायचेच असेल तर ते बंद ट्रॅकवर शिकावे. आपल्याला कोइंबतूरचा २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे तुलनेने जवळ आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा आणि ग्रेटर नोएडात बुद्ध सर्किटचा ट्रॅक आहे. सार्वजनिक रस्त्यावरची शर्यत हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खालील गुन्हा आहे, आणि घाटात त्याची किंमत बहुधा समोरून येणारा माणूस देतो.

प्रश्न : सहा वर्षे जुनी, ऑल व्हील ड्राइव्ह असलेली एक जर्मन सेडान पाहिली. गाडी स्वच्छ आहे, पण सोसायटीच्या तळघरात स्टिअरिंग पूर्ण वळवून पार्क करताना ती अडखळल्यासारखी धक्के देते. विक्रेता म्हणतो की या गाड्या अशाच असतात. — एक वाचक, नाशिक

उत्तर : या गाड्या अशा नसतात. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब वर्तुळ कापतात, आणि हा फरक सामावून घेण्यासाठीच मधला डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरांची जुळणी) किंवा क्लच बसवलेला असतो. तो नीट सुटत नसला की चाके एकमेकांशी झगडतात आणि आपण म्हणता तसे धक्के बसतात. क्लचचे तेल जुने झालेले असणे किंवा क्लच झिजलेला असणे हे कारण असू शकते. मात्र सर्वांत आधी टायर पाहावेत.

वाकून चारही टायरवरील कंपनी, मॉडेल आणि उत्पादनाचे चार अंक वाचावेत. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. मग खाचेची खोली मापकाने मोजावी आणि तळहात टायरवरून आडवा फिरवावा. करवतीच्या दात्यांसारखे लागले तर अलाइनमेंट बराच काळ बिघडलेले आहे. एका आसावर नवे आणि दुसऱ्यावर जुने टायर असे आढळले, तर पुढील हिशेब डोळ्यांसमोर आणावा. ६५० मिलिमीटर व्यासाच्या चाकात ४ मिलिमीटर खाच कमी झाली, म्हणजे व्यास ८ मिलिमीटरने घटला. प्रत्येक फेऱ्यात साधारण २५ मिलिमीटरचा आणि दर किलोमीटरला सुमारे १२ मीटरचा फरक पडतो. नाशिकहून मुंबईला पोचेपर्यंत पुढच्या आणि मागच्या चाकांत तब्बल दोन किलोमीटरचा हिशेब चुकतो, आणि यंत्रणा जोडलेली असताना तो क्लचला घसरून, तापून भरून काढावा लागतो. पंक्चरमुळे एकच टायर बदलून वेळ मारून नेलेल्या गाड्यांत क्लच अकाली जातो तो यामुळेच. त्यामुळे या गाडीत चार नव्या टायरचा आणि क्लच-तेलाचा खर्च विक्रेत्याच्या किमतीतून वजा करावा. नंतरही धक्के राहिले तर व्यवहार सोडून द्यावा.

इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली नाही ना, हे कंपनीच्या निदान यंत्रावर तपासून लेखी घ्यावे. गाडी घेतलीच, तर घरच्या सर्वांना एक गोष्ट सांगून ठेवावी : बंद पडल्यास दोन चाके उचलून ओढणारी क्रेन परत पाठवावी आणि पूर्ण गाडी वर चढवणारी फ्लॅटबेडच बोलवावी. दोन चाके जमिनीवर फिरत राहिली तर ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांत ताकद वाटणारी पेटी, निकामी होऊ शकते.

प्रश्न : आम्ही म्युनिकमध्ये राहतो. डिसेंबरात आई-बाबा पुण्याहून येत आहेत आणि त्यांना ऑस्ट्रियात बर्फ दाखवायचा आहे. गाडी ऑल व्हील ड्राइव्ह आहे, तर उन्हाळी टायरवर एक सहल निभावेल का? — एक वाचक, जर्मनी

उत्तर : नाही. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंशांखाली कडक होत जाते. ऑल व्हील ड्राइव्हच्या जोरावर गाडी बर्फाचा चढ चढून जाईल, पण उतरताना थांबणार नाही, आणि हा प्रसंग चढाच्या प्रसंगापेक्षा वाईट आहे. कायदाही स्पष्ट आहे : जर्मनीत बर्फाळ स्थितीत हिवाळी टायर सक्तीचे आहेत आणि ऑक्टोबर २०२४ पासून टायरवरचे, डोंगरात हिमकण असलेले चिन्हच ग्राह्य धरले जाते. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात तशा स्थितीत हीच सक्ती आहे आणि खाच किमान ४ मिलिमीटर लागते. सप्टेंबरातच टायरच्या दुकानात वेळ घेऊन ठेवावी. पहिला हिमवर्षाव झाला की रांग लागते.

प्रश्न : दोन मोटरच्या विजेच्या गाडीला हे सगळे लागू पडते का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : टायरचे सर्व काही लागू पडते, क्लचचे बहुतेक पडत नाही. टाटाची २०२५ मध्ये आलेली हॅरियर ईव्ही क्यूडब्ल्यूडी किंवा बीवायडी सीलची परफॉर्मन्स आवृत्ती यांत पुढच्या आणि मागच्या आसाला स्वतंत्र मोटर आहे, मधला दांडा नाही, आणि टॉर्कचे वाटप क्षणार्धात बदलता येते. मात्र सीलला ताशी १०० गाठायला ३.८ सेकंद पुरतात आणि गाडीचे वजन दोन टनांच्या वर जाते. तेवढे वजन थांबवणे आणि वळवणे पुन्हा टायर रस्त्याला टेकतात त्या तळहाताएवढ्या चार ठशांवरच आहे. मुसळधार पावसात ब्रेकिंगमधून वीज परत घेण्याची पातळी कमी ठेवावी, म्हणजे पाय उचलताच निसरड्या रस्त्यावर चाकांना झटका बसत नाही. टायर बदलताना मूळ टायरवरील भारक्षमतेचा अंक पाहून तेवढ्याच किंवा अधिक क्षमतेचा टायर मागावा. या गाड्यांना तो अंक साध्या सेडानपेक्षा मोठा असतो आणि दुकानात स्वस्तातला जोड दाखवताना नेमका तोच राहून जातो.