गावात राहून शिडाच्या छोट्या बोटींची रेस शिकता येते का? (वय 34, समुद्र दूर)

प्रश्न विचारणारे भाऊ नवेगावबांधकडचे आहेत. त्यांना पोहता येते, ढीवर मित्रांसोबत डोंगा चालवलेला आहे, शिडाच्या बोटीत कधी बसले नाहीत. आता या वयात रेसपर्यंत पोचता येईल का, किती दिवस लागतील आणि सुरुवात कुठून करायची, असं त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, येते. मी पवनीच्या बाजूचा, धानाची शेती आहे, आणि पहिल्यांदा शिडाच्या बोटीत बसलो तेव्हा 37 वर्षांचा होतो. म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा तीन वर्षं आधी निघून राहिले आणि तुम्हाला पाण्याची सवय पण आहे, मला तर नव्हती.

दिवसांचं आधी सांगतो. एकट्यानं बोट नेऊन परत आणायला आणि पलटली तर सरळ करायला चार-पाच दिवस नीट शिकलं तर पुरते. रेस ही त्याच्या पुढची गोष्ट, पण तिच्यासाठी "आधी हात बसू दे, मग उतरतो" असं करू नका, हे माझं एकदम ठाम मत आहे. मी तसंच केलं आणि एक पूर्ण सीझन वाया घालवला, एकट्यानं तलावावर चकरा मारत राहिलो आणि वाटायचं की वा, काय पळून राहिली बोट. एकटी बोट नेहमी पळतेच असं वाटते, भाऊ. बाजूला अगदी तशीच दुसरी बोट असली, शीड तेवढंच, वारा तोच, आणि ती हळूहळू पुढे सरकून जाते तेव्हाच दिसते की आपण शिडाचा दोर जास्त ओढून धरला आहे किंवा बोट एका अंगावर कलंडवून चालवून राहिलो आहे. पहिल्या रेसमध्ये मी शेवटचा आलो पण त्या चाळीस मिनिटांत जेवढं शिकलो तेवढं आधीच्या दोन महिन्यांत शिकलो नव्हतो.

बोट कोणती, तर क्लबात मोठ्या माणसांसाठी बहुतेक ठिकाणी लेझर भेटते, आता तिला इल्का म्हणतात. एकट्याची बोट, एकच शीड, लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास, नुसता सांगाडा 59 किलोचा. सांगाडा तोच ठेवून तीन मापांची शिडं लागतात, 4, 6 आणि 7. साठ-पासष्ट किलोच्या माणसानं मधलं म्हणजे 6 घ्यावं, वजनदार असाल तर 7. सगळ्यांची बोट सारखी असते म्हणून कोणाकडे पैसा जास्त म्हणून तो पुढे असं होत नाही, मला हे फार आवडते. 1996 पासून ही बोट ऑलिंपिकमध्ये आहे आणि आपण क्लबात जी चालवतो ती त्याच मापाची. लहान पोट्ट्यांची डबीसारखी बोट दिसते ती ऑप्टिमिस्ट. तुमच्या ओळखीत नेव्हल एनसीसीचं कोणी असेल तर त्यांना एंटरप्राइज नावाची दोघांची बोट माहीत असेल, ती पण चांगली, त्यात दुसऱ्याकडून शिकता येते.

आता वाऱ्याचं, हे जरा सावकाश वाचा कारण अर्धी रेस इथेच आहे.

शिडाची बोट सरळ वाऱ्याच्या तोंडावर जात नाही. वाऱ्याच्या साधारण 45 अंश डावीकडे किंवा उजवीकडे जाते, म्हणून समोरून वारा असला की नागमोडी जावं लागते, आणि बोटीचं नाक वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या अंगाला घेणं याला टॅक म्हणतात. रेसचा पहिला मार्क म्हणजे पाण्यातला फुगा हा बहुतेक वेळा वारा जिकडून येते तिकडेच वर ठेवलेला असतो. तर प्रश्न असा की टॅक केव्हा करायचा. तुम्ही खळ्यावर धान उडवलं असेलच. तिवईवर उभं राहून सूप हलवताना कोंडा एका बाजूला जात असतो आणि मधेच वारा जरासा फिरतो, कोंडा दाण्याच्या ढिगावर यायला लागतो, आणि आपण न बोलता पाय थोडा वळवून उभे राहतो. कोणी शिकवलं नाही, लहानपणापासून पाहिलं. बस, तलावावर तेच आहे. वारा एकसारखा कधीच नसतो, काठावर झाडं, टेकडी, बिल्डिंगा असल्या की तो दर काही मिनिटांनी थोडा इकडे थोडा तिकडे होते. तुम्ही मार्ककडे चालले आणि शीड फडफडायला लागलं, ते भरलेलं ठेवायला नाक मार्कपासून दूर वळवावं लागलं, म्हणजे वारा तुमच्या विरोधात फिरला. तेव्हा टॅक करा, कारण तोच वारा आता दुसऱ्या अंगाला तुम्हाला मार्ककडे ढकलते. मला हे इंग्रजी शब्दांत दोनदा समजावलं तेव्हा डोक्यात गेलं नव्हतं, तिसऱ्या दिवशी पाण्यावर एकदम खळं आठवलं आणि झालं.

शिडाला दोन्ही बाजूंनी लोकरीचा एक-एक धागा चिकटवलेला असतो, बोटभर लांब. त्याच्यावर नजर ठेवायची. दोन्ही धागे सरळ मागे वाहत असले तर बरोबर आहे. वाऱ्याकडचा धागा उडायला लागला तर तुम्ही वाऱ्यात जास्त घुसले, पलीकडचा मेला किंवा गोल फिरायला लागला तर शीड जास्त ओढलं आहे किंवा नाक वाऱ्यापासून जास्त दूर वळलं आहे. पहिले कितीतरी दिवस मी फक्त ते दोन धागेच पाहत होतो, पाणी पाहतच नव्हतो. मग एकानं सांगितलं की वर पहा, पाण्यावर काळसर पट्टा सरकत येते तो वाऱ्याचा झोत आहे, तो पोचायच्या आधी बोटीच्या तळाशी पायासाठी पट्टा असतो त्यात पाय अडकवून अंग बाहेर टाका, झोत बसल्यावर नाही. बोट सपाट राहिली की पळते, कलंडली की नांगर ओढल्यासारखी चालते.

नियम. जगभर एकच पुस्तक चालते, वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेचं, दर चार वर्षांनी सुधारतात, आता 2025 ते 2028 वालं चालू आहे. सगळं पाठ करत बसू नका. डाव्या अंगानं वारा घेणारी म्हणजे पोर्टवरची बोट उजव्या अंगानं घेणाऱ्या स्टारबोर्डवाल्या बोटीला वाट देते. दोघी एकाच अंगाला असल्या आणि एकमेकींच्या बाजूला असल्या तर वाऱ्याकडची बोट खालच्या म्हणजे पलीकडच्या बोटीला वाट देते. मार्कपासून तीन बोटींच्या लांबीत आल्यावर आतल्या बोटीला वळायला जागा द्यायची. एवढ्यावर पहिलं वर्ष निघते.

पण खरी गोष्ट ही की पाण्यावर शिट्टी वाजवणारा पंच सहसा नसतोच. माझ्या तिसऱ्या रेसमध्ये मी पोर्टवर होतो, वरचा मार्क जवळ आला होता, आणि समोरून बारा-तेरा वर्षांची पोरगी स्टारबोर्डवर आली आणि जोरात ओरडली "स्टारबोर्ड!" मला वाटलं निघून जाईन पुढून. नाही निघालो, तिला बोट वळवावी लागली. तिनं फक्त "प्रोटेस्ट" म्हणजे हरकत आहे असं म्हटलं आणि पुढे गेली. माझी चूक होती हे मला माहीत होतं, म्हणून बाजूला होऊन बोटीच्या दोन पूर्ण फेऱ्या मारल्या, म्हणजे दोन टॅक आणि दोन जाइब (जाइब म्हणजे नाकाऐवजी बोटीची मागची बाजू वाऱ्यातून फिरवणं), हीच शिक्षा असते आणि ती आपली आपणच घ्यायची. चार बोटी पुढे गेल्या. काठावर आल्यावर ती पोरगी येऊन म्हणाली, अंकल, पुढून जायचं नव्हतं, माझ्या मागून जायचं होतं, दोर थोडा सोडला असता तर दोन सेकंदच गेले असते. तेव्हापासून मी मागूनच जातो.

स्टार्टचं थोडक्यात. पाच मिनिटं आधी एक सिग्नल, चार मिनिटं आधी दुसरा, एक मिनिट आधी तिसरा, मग सुटायचं. धावण्याच्या शर्यतीसारखं उभं राहता येत नाही, बोट सरकतच असते, त्यामुळे शून्यावर रेषेजवळ आणि वेगात असणं ही मोठी कसरत आहे. आधी रेषेच्या मधोमध जाऊन नाक सरळ वाऱ्यात धरून पहा, नाक ज्या टोकाकडे झुकते ते टोक वाऱ्याच्या जवळ, तिकडून सुटणं फायद्याचं. पण नवीन असताना गर्दीच्या टोकाला जाऊ नका, मोकळ्या जागेतून पूर्ण वेगात निघा.

कुठे शिकायचं. आपल्या तालुक्यात तर काही नाही. हैदराबादला हुसेनसागरवर वर्षानुवर्षं शिडाच्या बोटींच्या रेस होतात, तिथला यॉट क्लब आहे, नागपूरहून बल्लारशा मार्गे सिकंदराबादची गाडी धरली की झालं. दुसरं भोपाळ, बड्या तलावावर नॅशनल सेलिंग स्कूल आहे, पण ते पोरापोरींसाठी. देवास जिल्ह्यातल्या गावच्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर तिथेच शिकली आणि 2023 मध्ये हांगझोच्या एशियन गेम्समध्ये इल्का 4 मध्ये सिल्वर आणलं. समुद्रापासून इतक्या दूरची पोरगी, म्हणून मी हे नाव सगळ्यांना सांगत असतो. तुमच्या घरी दहा-बारा वर्षांचं कोणी असेल तर त्याच्यासाठी चौकशी कराच. स्वतःसाठी आधी फोन करून विचारा की मोठ्यांची बॅच आहे का.

एक अडचण आपल्यासारख्यांचीच आहे. हैदराबादच्या मोठ्या रेस पावसाळ्यात असतात कारण तेव्हा वारा चांगला, आणि तेव्हाच आपली रोवणी. पहिल्या वर्षी पऱ्हे तयार होते, बाया ठरलेल्या होत्या, जाणं शक्यच नव्हतं, फार जीव तुटला. दुसऱ्या वर्षी भावाशी आधीच बोलून ठेवलं आणि त्याच्या बदल्यात कापणी मी एकट्यानं पाहिली. घरी हे आताच बोलून घ्या.

आणि कृपा करून जुनी बोट विकत आणून एकट्यानं नवेगावच्या तलावात किंवा धरणात टाकू नका. परवानगीचं तर आहेच, पण मदतीला दुसरी बोट नसताना हे करायचं नसते. या बोटीच्या पोटातून एक फळी जवळजवळ अडीच फूट खाली जाते, आपल्या मामा म्हणजे मालगुजारी तलावांत खुंट, बेशरमाची झुडपं, जाळी, सगळं त्यात अडकते. मित्रांच्या जाळ्याचं नुकसान होईल ते वेगळं. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट काढायचं नाही आणि बोट पलटली तर ती सोडून काठाकडे पोहत निघायचं नाही. दोर सोडा, नाक वाऱ्याकडे असू द्या, फळीवर उभं राहून ओढा, येते वर.

तोवर डोंग्यातच वारा पाहायची सवय लावा, दर दहा मिनिटांनी कुठून येऊन राहिला ते वहीत लिहा. बोलाइन (न सरकणाऱ्या फासाची गाठ) आणि आठाची गाठ डोळे मिटून जमली पाहिजे. जाताना हातमोजे, टोपीला दोरी, आणि ओले झाले तरी चालतील असे बंद बूट घ्या, चपलेवर पाय पट्ट्यात अडकत नाहीत.