सिरॅमिक कोटिंग: खरं काम कोटिंगच्या आधीचं

तीन आठवड्यांपूर्वी घेतलेली काळी गाडी, उघड्यावर झाडाखाली उभी असते, रोज सकाळी कोरड्या फडक्यानं पुसली जाते, आणि विक्रेता म्हणतो रंगावर ‘९एच’ सिरॅमिक कोटिंगचा पातळ पारदर्शक थर चढवून घेतलात तर पाच वर्षं ओरखडा उठणार नाही. करून घ्यावं का, हा तुमचा प्रश्न. माझ्या मते जरूर करा, पण ओरखड्यांच्या धास्तीनं करू नका. आणि ते सकाळचं कोरडं पुसणं आजच बंद करा, कोटिंग करा वा न करा.

‘९एच’ ऐकलं की हिऱ्याच्या आसपासचं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात तो आकडा पेन्सिलींचा आहे. ६बी ते ९एच अशा चढत्या कडकपणाच्या पेन्सिली ठरावीक कोनात, ठरावीक दाबानं पृष्ठभागावरून सरकवायच्या आणि कुठल्या पेन्सिलीपर्यंत चरा उठत नाही ते बघायचं, एवढीच ती चाचणी. खनिजांची मोह्ज पट्टी वेगळी. तिच्यात हिरा १० वर आणि क्वार्ट्झ ७ वर. रस्त्यावरच्या धुळीतली बारीक वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झच. कोरड्या फडक्याखाली हे कण सापडले की पेन्सिलीच्या चाचणीला उतरलेला थरही चरतोच.

जाडीचा हिशोब त्याहून बोलका आहे. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉनचं आवरण असतं (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाहूनही पातळ. त्यावर चढणारं सिरॅमिक कोटिंग एक-दोन मायक्रॉन, बऱ्याचदा त्याहूनही कमी. उडालेल्या खडीनं रंगाचा टवका निघतो, तो यानं अडत नाही. त्यासाठी १५०-२०० मायक्रॉनची पॉलियुरेथेनची पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म लागते. तुमचा महामार्गावरचा प्रवास जास्त असेल तर बॉनेट आणि पुढच्या बंपरला ती लावून बाकी गाडीला कोटिंग, ही जोडी मला सगळ्यात पटते.

मग कोटिंगचा उपयोग काय? सिलिकावर आधारलेलं हे रसायन क्लिअर कोटला घट्ट धरून बसतं आणि पाण्याला, मळाला नीट चिकटू देत नाही. बरीचशी धूळ पाण्याच्या नुसत्या फवाऱ्यानं निघून जाते. घासणं कमी झालं की चरेही कमी पडतात. ओरखड्यांपासून जो काही बचाव होतो, तो असा आडवाटेनं होतो. म्हणूनच गाडी धुवायची सवय बदलली नाही तर हा फायदा हाती लागत नाही.

माझ्या पहिल्या काळ्या गाडीला मी घाईनं कोटिंग करून घेतलं. सकाळी दिली, संध्याकाळी मिळाली, आरशासारखी. दोन दिवसांनी रात्री दिव्याच्या खांबाखाली उभी केली आणि बॉनेटवर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती गोलगोल बारीक चऱ्यांचं जाळं दिसलं, कोळ्याच्या जाळ्यासारखं. दुकानवाल्यांनी पॉलिश, म्हणजे मशीननं क्लिअर कोट किंचित घासून चरे काढणं, न करताच कोटिंग चढवलं होतं. आधीचे सगळे चरे त्याखाली पक्के बसले होते. हे कोटिंग धुऊन निघत नाही, घासूनच काढावं लागतं. म्हणजे पुन्हा मशीन, पुन्हा क्लिअर कोटचा थोडा बळी, आणि तो थर काही परत येत नाही. फार वाईट वाटलं होतं.

तेव्हापासून मी आधी तयारी कशी करणार ते विचारतो. धुतल्यावर लोखंडाचे कण काढणारं रसायन मारतात का? ब्रेकमधून उडालेले, रंगात रुतलेले कण त्यानं जांभळे होऊन ओघळतात. मग क्ले, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ चिकणमातीसारखी वडी, फिरवतात का? स्वच्छ धुतलेल्या बॉनेटवर प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बोटं फिरवा, खरखर लागली तर क्ले हवंच. त्यानंतर रंगाच्या थरांची जाडी मोजून, दिसतात तेवढेच चरे जावेत इतपत पॉलिश, आणि शेवटी पॉलिशमधलं तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसणं. हे टाळलं तर कोटिंग रंगाऐवजी तेलावर बसतं. गाडी नवी आहे म्हणून पॉलिश नको, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. वाहतुकीत आणि ताब्यात देण्याआधीच्या घाईच्या धुलाईत नव्या गाडीवरही चरे पडतात. तुमच्या गाडीवर तर तीन आठवड्यांच्या पुसण्याचे असतीलच. मात्र एखादं पॅनेल नुकतंच रंगवलं असेल तर महिनाभर थांबा, ताज्या रंगातलं द्रावण उडून जायला हवं.

लावतानाचं काम जवळून बघण्यासारखं असतं. एका वेळी हातभर जागेवर थेंब पसरवायचे. काही क्षणांत त्या ओल्या थरावर तेलाच्या तवंगासारखे इंद्रधनुषी रंग उमटतात आणि तेवढ्यात मऊ फडक्यानं पुसून घ्यावं लागतं. उशीर झाला तर तिथे गडद डाग वाळून बसतो आणि तो पॉलिशशिवाय जात नाही. म्हणून हे काम सावलीत, थंड पत्र्यावर आणि भरपूर उजेडातच व्हायला हवं. पुढचा एक-दीड दिवस गाडीला पाणी लागू देऊ नका, आठवडाभर शाम्पू नको.

तुमच्या झाडाबद्दल मला जास्त काळजी वाटते. पक्ष्यांच्या विष्ठेतलं आम्ल तापलेल्या बॉनेटवर कोटिंग असूनही खड्डा पाडतं. कोटिंगमुळे थोडा जास्त वेळ मिळतो, एवढंच. दिसल्या दिसल्या ओला फडका त्यावर पाच मिनिटं ठेवा आणि मग अलगद उचला, घासू नका. दुसरा त्रास पाण्याचा. कोटिंगवर टपोरे थेंब छान दिसतात, पण पाणी क्षारयुक्त असेल तर तेच उन्हात वाळून पांढरी वर्तुळं सोडतात. धुणं सावलीत करा आणि जाड मायक्रोफायबरनं लगेच टिपून घ्या. दोन बादल्या ठेवा, एक शाम्पूची आणि एक मिट, म्हणजे धुण्याचा मऊ हातमोजा, हिसळायची, आणि सुरुवात छतापासून.

आज अंधार पडल्यावर स्वच्छ धुतलेल्या बॉनेटवर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. जाळं कितपत दाट दिसतं ते कळवा, त्यावरून हलकं पॉलिश पुरेल की जास्त घासणारं कंपाउंड लागेल याचा अंदाज देता येईल.