फोन काढून घेऊ का? नको, निदान आज तरी नको

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मुलगी आठवीत, वर्गातल्या मुलींनी तिच्या फोटोचे स्टिकर करून ग्रुपवर फिरवले, आता रोज सकाळी पोट दुखतंय म्हणते, आणि तुम्ही विचारताय फोन काढून घेऊ का. आमच्याकडे मुलगा होता, सातवीत, बाकी सगळं हेच, पोटदुखीसकट.

ब्लॉक-रिपोर्ट तुम्हाला माहीत असेलच, त्यात वेळ घालवत नाही. मी काय घोळ घातला ते सांगते. ज्या रात्री कळलं त्याच रात्री मी त्याच्या हातातून फोन ओढून घेतला, ग्रुपमधून बाहेर पडले, आख्खं चॅट डिलीट केलं आणि वर "कशाला राहायचं असल्या ग्रुपात" हेही ऐकवलं. मला वाटलं घाण साफ केली. नुसता ग्रुप सोडला असता तरी जुने मेसेज फोनमध्ये राहिले असते, ते मीच पुसले.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तर पहिला प्रश्न, पुरावा काय? दुसरा, कोणत्या तारखेचं? मग "हे शाळेच्या वेळेबाहेरचं आहे", मग "अहो एकदाच तर स्टिकर केलाय, मुलं थट्टा करतातच". एकदाच केला हो, पण तो चाळीस फोनमध्ये सेव्ह झाला आणि रोज कोणीतरी टाकतंय, त्याला एकदाच कसं म्हणायचं? शेवटी काय केलं, तर स्टिकर फिरवणाऱ्या त्या चौघांना आणि ह्याला एकाच खोलीत उभं करून हात मिळवायला लावले. मिटलं! त्याच संध्याकाळी नवा ग्रुप आणि नवा स्टिकर, खाली लिहिलेलं "मम्मीला सांगितलं".

हे मला कळलं चार महिन्यांनी. कारण त्यानं सांगणंच बंद केलं होतं. समुपदेशक बाईंना म्हणाला, आईला सांगितलं की शिक्षा मलाच होते. फोन माझाच गेला, ग्रुपमधून मीच गेलो. चुकीचं काय बोलला?

म्हणून आधी तिला शब्द द्या की फोन जाणार नाही आणि तिला न विचारता शाळेत जाणार नाही. मग दोघी मिळून स्क्रीनशॉट काढा, आणि नुसतं नाव नको, नंबरही दिसू दे, कारण नाव आपणच सेव्ह केलेलं असतं. स्क्रीनशॉटवर नुसतं "आज", "काल" येतं, म्हणून चॅट एक्सपोर्ट पण करून ठेवा, म्हणजे आख्खं चॅट फाइल म्हणून बाहेर काढा, त्यात प्रत्येक मेसेजची तारीख-वेळ येते. हे आजच करा, व्हॉट्सॲपवर दोन दिवस उलटून गेल्यावरसुद्धा पाठवणारा मेसेज सगळ्यांकडून काढू शकतो. शाळेला तोंडी काही सांगू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. आणि मुलांना समोरासमोर बसवू म्हणाले तर सरळ नाही म्हणा. ह्या बाबतीत मी हट्टी आहे, कोणाचे अनुभव वेगळे असतील.

फोटो नग्न किंवा तसा एडिट केलेला असेल तर मात्र स्क्रीनशॉट, फॉरवर्ड काही करू नका, थेट पोलीस. अठराच्या आतल्या मुलांसाठी 'टेक इट डाउन' नावाची, असे फोटो नेटवरून काढायला मदत करणारी मोफत सेवाही आहे, त्यात फोटो आपल्या फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा, म्हणजे त्यावरून बनलेला कोड, जातो. पण व्हॉट्सॲपसारख्या एन्क्रिप्टेड, म्हणजे बाहेरच्या कोणाला वाचता न येणाऱ्या, चॅटमध्ये तिचा उपयोग नाही.

मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. पोटदुखीला नाटक म्हणू नका एवढं सांगेन, आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी पोट दुखायचं नाही म्हणून मी ते नाटकच धरलं होतं. आणि "मी नसलेलीच बरी" असं काही तिच्या तोंडून आलं तर उत्तरं वाचत बसू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा.

आमचा आता दहावीत आहे. कधी आपणहून फोन दाखवतो, कधी नाही. मी मागत नाही.