प्रश्नोत्तरे : अवकाश संशोधकांच्या आठवणी विद्यार्थ्यांनी कशा टिपाव्यात?

प्रश्न : अवकाश संशोधनाच्या पहिल्या पर्वात काम केलेल्या आणि आता निवृत्त झालेल्या शास्त्रज्ञांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचा उपक्रम आमच्या विज्ञान मंडळाने सुरू केला आहे. मुलाखती विद्यार्थी स्वयंसेवक घेतात. मात्र या मंडळींनी भाषणांत अनेकदा सांगितलेले किस्सेच आम्हाला पुन्हा ऐकायला मिळत आहेत. आमची तयारी कमी पडते की प्रश्न चुकतात?

उत्तर : तयारी थोडी कमी पडत असेल, पण मुख्य अडचण प्रश्नांची दिसते. ज्येष्ठ शास्त्रज्ञासमोर बसलेला विद्यार्थी आदरापोटी “आपला प्रवास सांगा” असे म्हणतो, आणि समोरची व्यक्ती स्वाभाविकपणे तोंडात बसलेले भाषण सुरू करते. त्यात तिचा काही दोष नाही. प्रश्न जितका ऐसपैस, तितके उत्तर पाठ केलेले असते. म्हणून मुलाखतीची सुरुवात आयुष्यापासून न करता एखाद्या वस्तूपासून, आराखड्यापासून किंवा छायाचित्रापासून करून पाहावी.

एक उदाहरण घेऊ. १९८१ साली अवकाशात गेलेल्या ‘ॲपल’ या भारतीय दळणवळण उपग्रहाचे बैलगाडीवरचे छायाचित्र बहुतेकांनी पाहिलेले असते, आणि साधनांच्या तुटवड्याची निशाणी म्हणूनच ते सहसा दाखवले जाते. प्रत्यक्षात उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी मोकळ्या मैदानात घ्यायची होती. धातूच्या वाहनावरून रेडिओलहरी परावर्तित झाल्या असत्या, तर मोजमापात घोटाळा झाला असता; म्हणून लाकडी गाडी निवडली गेली. छायाचित्रातून गाडी दिसते, कारण दिसत नाही. असे छायाचित्र हाती देऊन विद्यार्थ्याने विचारावे, की ही कल्पना प्रथम कोणी मांडली, गाडी ठरवायला कोण गेले, उपग्रह तिच्यावर कसा बांधला, मोजमापे घेणारा माणूस किती अंतरावर उभा होता, आणि पहिल्या वेळी आकडे जुळले का. अशा प्रश्नांना भाषणातली उत्तरे चालत नाहीत. सांगणाऱ्याला त्या दिवसाकडे परत जावेच लागते.

तयारीचा अर्थ चरित्र पाठ करणे असा घेऊ नये. त्या व्यक्तीचा निदान एक शोधनिबंध किंवा मोहिमेचा अहवाल विद्यार्थ्याने वाचावा आणि त्यात काय लिहिलेले नाही, ते शोधावे. ३१ जानेवारी १९५८ रोजी सुटलेल्या ‘एक्सप्लोरर-१’ या अमेरिकी उपग्रहावर वैश्विक किरण मोजण्यासाठी एक गायगर गणित्र होते, आणि त्या उपकरणाच्या जडणघडणीत जॉर्ज लडविग या तेव्हाच्या विद्यार्थ्याचा मोठा वाटा होता. उपग्रह फार उंचीवर गेला की मोजणी एकाएकी शून्यावर यायची. त्याच्यावर टेपरेकॉर्डर नव्हता, त्यामुळे उपग्रह संदेश टिपणाऱ्या एखाद्या ग्राहक केंद्राच्या टप्प्यात असेपर्यंतच नोंदी मिळत. मार्चमध्ये गेलेल्या ‘एक्सप्लोरर-३’ वर टेपरेकॉर्डर होता. त्यामुळे अख्ख्या प्रदक्षिणेचे चित्र हाती आले आणि उलगडा झाला, की तिथे प्रारण इतके तीव्र होते की गणित्र संपृक्त होऊन, म्हणजे मोजण्याची क्षमता संपून, गप्प बसत होते. पृथ्वीभोवतीच्या तीव्र प्रारणाच्या पट्ट्यांचा, म्हणजे व्हॅन ॲलन पट्ट्यांचा, शोध लागला तो असा. शोधनिबंधात निष्कर्ष असतो. पण मधल्या आठवड्यांत ते शून्य पाहून आधी उपकरणावर संशय घेतला गेला का, कोणाचे कोणाशी पटले नाही, कोणती शंका टाकून दिली गेली, हे बहुधा माणसांकडूनच कळते. निबंध वाचलेला विद्यार्थीच “शून्य दिसल्यावर तुम्ही पहिल्यांदा काय तपासले?” असे विचारू शकतो.

विद्यार्थ्यांच्या बाजूने एक गोष्ट आहे, ती त्यांनी गमावू नये. जुना सहकारी मुलाखत घेत असला की अर्धी वाक्ये “ते तुला ठाऊकच आहे” यावर संपतात. विद्यार्थ्याला ठाऊक नसते, म्हणून त्याला सविस्तर सांगावे लागते, आणि तो तपशीलच पुढच्या अभ्यासकाला हवा असतो. तेव्हा समजले नसताना मान डोलावू नये. एकाने प्रश्न विचारावेत. दुसऱ्याने यंत्राकडे लक्ष ठेवून व्यक्तींची व यंत्रभागांची नावे टिपावीत आणि शेवटी ती एकेक करून विचारून घ्यावीत. बैठक दीड-दोन तासांपेक्षा लांबवू नये. वयाचा विचार करता दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे केव्हाही चांगले. दुसऱ्या बैठकीत लोक अधिक मोकळे बोलतात, असाही सर्वसाधारण अनुभव आहे.

प्रश्न : एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी सांगितलेली उड्डाणाची तारीख छापील नोंदीपेक्षा एका दिवसाने वेगळी निघाली. शब्दांकन करताना ती दुरुस्त करावी का?

उत्तर : मुळीच करू नये. आधी तर चूक त्यांचीच आहे हे गृहीत धरू नये. वर उल्लेख केलेला ‘एक्सप्लोरर-१’ अमेरिकेत ३१ जानेवारीच्या रात्री सुटला, तेव्हा जागतिक प्रमाणवेळेनुसार १ फेब्रुवारी उजाडली होती. दोन्ही तारखा बरोबर आहेत आणि पुस्तकांतही दोन्ही आढळतात. खरोखरच विसंगती असेल, तर बैठकीतच नम्रपणे कागद पुढे ठेवून “अहवालात अशी नोंद आहे, आपल्याला कसे आठवते?” असे विचारावे. त्यावरचे उत्तर, अगदी “अहवालच चुकीचा आहे” असे असले तरी, जसेच्या तसे राहू द्यावे. शब्दांकनात चौकोनी कंसात संपादकीय टीप द्यावी. मूळ ध्वनिमुद्रणाला मात्र कात्री लावू नये.

तारखांपेक्षा श्रेयाचा प्रश्न अधिक नाजूक असतो. “आम्ही ठरवले” या वाक्यातले आम्ही म्हणजे कोण, हे प्रत्येक वेळी विचारावे. शक्य असेल तेव्हा एकाच घटनेबद्दल दोघांना स्वतंत्रपणे बोलते करावे. दोघे एकत्र बसले की ज्याचा आवाज किंवा हुद्दा मोठा, त्याचीच आठवण दोघांची होऊन जाते.

प्रश्न : गोपनीयतेचे काय? काही जण मध्येच “हे बंद करा” म्हणतात.

उत्तर : लगेच बंद करावे. अवकाशयान नेणारा अग्निबाण आणि क्षेपणास्त्र यांचे तंत्रज्ञान जवळचे असल्यामुळे अनेकांवर निवृत्तीनंतरही गोपनीयतेचे बंधन असते, आणि त्यांच्याकडून आडवळणाने माहिती काढून घेणे हे मुलाखतकाराचे काम नाही. संमतिपत्र सुरुवातीला समजावून सांगावे. परंतु सही शब्दांकन वाचून झाल्यावर घेतलेली बरी, कारण आपण काय बोलून बसलो हे माणसाला तेव्हाच नीट कळते. एखादा भाग ठरावीक वर्षे बंद ठेवण्याची मुभा त्यात असावी. सहकाऱ्यांवरील टीका बहुधा या कारणानेच टिकून राहते, नाही तर खोडली जाते. विद्यार्थ्यांकडूनही लेखी घ्यावे, की मुलाखतीचा कोणताही तुकडा ते स्वतःच्या फोनवरून पुढे पाठवणार नाहीत. याबाबत सौम्य राहू नये.

प्रश्न : आमच्या यादीत सगळी नामवंत मंडळी आहेत. सुरुवात कोणापासून करावी?

उत्तर : जे सर्वांत वयोवृद्ध आहेत त्यांच्यापासून, मग ते नामवंत असोत वा नसोत. पुंजभौतिकीच्या (क्वांटम भौतिकीच्या) इतिहासासाठी १९६० च्या दशकात मुलाखती घेतल्या जात होत्या, तेव्हा या शास्त्राच्या संस्थापकांपैकी एक असलेले नील्स बोर यांच्याशी १७ नोव्हेंबर १९६२ रोजी बोलणे झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे निधन झाले.

यादीही वाढवावी. जोडारी, आरेखक, ग्राहक केंद्रावर रात्रपाळी करणारे तंत्रज्ञ आणि आकडेमोड करणाऱ्या स्त्रिया यांची नावे शोधनिबंधांवर क्वचितच येतात. अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन यांच्या १९६२ च्या उड्डाणाआधी संगणकाने काढलेले आकडे ‘नासा’तील गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन यांनी हाताने गणित करून पडताळले होते, हे सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचायला कित्येक दशके लागली. प्रत्येक मुलाखतीच्या अखेरीस “त्या खोलीत आणखी कोण होते?” असे विचारल्यास यादी आपोआप लांबते.

प्रश्न : ध्वनिमुद्रणासाठी मोबाइल फोन पुरेसा आहे का?

उत्तर : कॉलरला लावायचा छोटा मायक्रोफोन जोडल्यास चालतो, फोन मात्र विमान मोडवर ठेवावा, म्हणजे मध्येच कॉल येऊन मुद्रण थांबत नाही. पंखा बंद करावा आणि पहिले मिनिट हेडफोन लावून तपासून घ्यावे. फाइल वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर साठवावी. एमपी-थ्री प्रत फक्त ऐकण्यासाठी ठेवावी. घरी परतल्यावर त्याच दिवशी तीन प्रती कराव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत ठेवावी. एका तासाच्या मुद्रणाच्या शब्दांकनाला सहा-आठ तास सहज लागतात, म्हणून तेवढे विद्यार्थी हाताशी असतील तेवढ्याच मुलाखती एका सत्रात ठरवाव्यात. आपोआप शब्दांकन करणारी सॉफ्टवेअर मदतीला घेता येतील, पण तांत्रिक शब्द आणि माणसांची नावे ती हमखास बिघडवतात. मुलाखतीला हजर असलेल्या विद्यार्थ्यानेच ते मुद्रणाशी ताडून पाहावे.