माझं दुखणं खोटं आहे का?

‘दोन वर्षं मान आणि उजवा खांदा दुखतोय. एमआरआयमध्ये वयाप्रमाणे थोडी झीज, बाकी काही नाही. रोज कदंब बसने पणजीला जाते, दिवसभर कॉम्प्युटर. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, नवरा बोटीवर. म्हापशाहून नणंदेचा फोन आला की ठणका वाढतो. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. म्हणजे माझं दुखणं खोटं आहे का?’
– एक वाचक, डिचोली

ताई, नाही. तुमचं दुखणं शंभर टक्के खरं आहे. डॉक्टर चुकीचं बोलले नाहीत, पण एवढंच सांगून माणसाला घरी पाठवणं मला पटत नाही.

मन ताणलं की मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस हा स्नायू आपल्या नकळत आवळला जातो. त्याला ओझं लागत नाही, घाई आणि धास्ती पुरते. तो फार जोरात आवळतो असंही नाही, पण त्याला सुटका मिळत नाही. आदोळीवर नारळ खोवताना हात भरून येतो, तरी दुसरी कातली घेताना क्षणभर सैल पडतो. तुमच्या खांद्याला तो क्षणच मिळत नाही.

नणंदेच्या फोनचंही नवल नाही. १९८५ साली जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्टा फ्लोर आणि सहकाऱ्यांनी जुनी पाठदुखी असलेल्यांच्या स्नायूंतली विद्युत हालचाल मोजली. गणितं सोडवताना त्यांची पाठ विशेष आवळली नाही. स्वतःच्या आयुष्यातल्या त्रासाबद्दल बोलताना मात्र आवळली आणि सैल व्हायला वेळ लागला.

सगळंच स्नायूवर ढकलता येत नाही. तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यात मज्जासंस्थाही हळवी होऊ शकते, म्हणजे थोड्याशा कारणानेही जास्त दुखतं, आणि झोपमोड झाली की जास्तच. म्हणून मालिश केली की दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच.

बसमध्ये बसल्या-बसल्या हे करून बघा: खांदे कानांकडे उचलून पाचेक सेकंद आवळा, मग एकदम सोडा आणि अर्धा मिनिट तो सैलपणा नुसता जाणवू द्या. असं चार-पाच वेळा. दुखेल म्हणून मान जखडून ठेवू नका, ती हलती हवी. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) फिजिओथेरपी विभाग आहे, व्यायाम तिथून शिकून घ्या. फार्मसीतून स्वतःच पेनकिलर आणून महिनोन्‌महिने घेऊ नका, पोट आणि मूत्रपिंडं दोन्ही बिघडू शकतात. हाताची ताकद कमी झाली, बधिरपणा आला, चालताना तोल जायला लागला किंवा ताप येऊन वजन उतरलं, तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा.

पण रात्री तीनदा उठून सासूबाईंची कूस बदलणाऱ्या बाईला ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून काय होणार? कुणीतरी रात्र वाटून घ्यायला हवी. नणंदबाईंना मोघम ‘मदत करा’ म्हणू नका. ‘शनिवारी संध्याकाळी या, रविवारी जेवून जा, त्या रात्री आईंपाशी तुम्ही झोपा’ असं नेमकं सांगा. तुम्हाला जड जात असेल तर बोटीवरून त्यांच्या भावाने फोन करावा. आई त्या दोघांचीही आहे.